प्रोफेसर देवधर : कसोटी न खेळलेला आपला कर्णधार



आपण नववीत होतो. १९९३ चा ऑगस्ट संपत आला होता. संस्कृतच्या बाई वर्गात आल्या आणि पुस्तक उघडायच्या आधी त्यांनी एक बातमी सांगितली. पुण्यात दि. ब. देवधर वारले, वय एकशे एक. शेवटच्या बाकावरच्यांनी माना वर केल्या, कारण देवधर करंडक हे नाव त्यांना रेडिओवरून पाठ होतं. करंडकाला ज्याचं नाव दिलंय तो माणूस कालपरवापर्यंत जिवंत होता, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं. बाईंनी पुढे सांगितलं की ते संस्कृतचे प्राध्यापक होते. त्या दिवसापुरती का होईना, शेवटच्या बाकाने शब्दरूपं न कुरकुरता म्हटली.

त्या वर्षी आपल्या वर्गात एकच वाद चालायचा, आठवतं ना? वसंतात महाराष्ट्राचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पंजाबकडून हरला होता. सुरेंद्र भावे धावांचे ढीग रचत होता आणि भारताच्या संघात काही येत नव्हता. त्याला का घेत नाहीत भो, यावर मधली सुट्टी संपायची आणि डबा तसाच राहायचा. मी मुलगी म्हणून खेळायला नव्हते, पण स्कोअरबुक माझ्याकडे असायचं. त्यामुळे वादात आकडे पुरवायचं कामही माझ्याकडेच होतं. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, तोच वाद पुन्हा काढायचा. फक्त या वेळी त्याच्या मुळाशी जायचं, आणि ते मूळ म्हणजे देवधर.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. प्रथम श्रेणीचा पहिला सामना ते १९११ मध्ये खेळले, एकोणीस वर्षांचे असताना. त्या काळी देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट म्हणजे मुंबईची सामन्यांची मालिका, आणि तिथे संघ धर्मावरून पडलेले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान. देवधर हिंदूंकडून खेळत. वर्षाकाठी असे सामने किती, तर बोटांवर मोजण्याइतके. बाकीचं वर्ष पुण्यात, सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात जायचं. बरेच चांगले खेळाडू तेव्हा कुठल्या ना कुठल्या संस्थानाच्या आश्रयाने खेळत. देवधरांची भाकरी मात्र अध्यापनावर होती.

त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा दिवस उगवला तो १९२६ च्या डिसेंबरात. आर्थर गिलिगनच्या कप्तानीखाली इंग्लंडहून एमसीसीचा संघ आला होता. त्यात मॉरिस टेटसारखा, तेव्हा जगातल्या उत्तम गोलंदाजांत गणला जाणारा माणूस होता. मुंबईच्या जिमखान्यावर आधी सी. के. नायडूंनी हिंदूंकडून १५३ धावा ठोकल्या, त्यात ११ षटकार. ती खेळी आजही सांगितली जाते. तिच्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच मैदानावर, भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या आणि आपल्या संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली. नायडूंची खेळी डोळे दिपवणारी होती. देवधरांच्या खेळीने दुसरी गोष्ट सिद्ध केली. भारतीय फलंदाज इंग्लंडच्या चांगल्या माऱ्यापुढे तासन् तास टिकूही शकतात.

या दौऱ्यामुळे चक्रं फिरली. आपण कसोटी खेळायच्या लायकीचे आहोत असं गिलिगन यांना वाटलं आणि त्यांनी ते इथल्या मंडळींना सांगितलं. डिसेंबर १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळायला उतरला. भारताच्या पहिल्या डावातला पहिला चेंडू खेळले ते आपल्या महाराष्ट्राच्या फुलगावात जन्मलेले जनार्दन नवले.

देवधर त्या संघात नव्हते. दार उघडायला ज्यांच्या १४८ धावांनी हातभार लावला, ते दार उघडलं तेव्हा चाळीस वर्षांचे झाले होते.

आपल्या वर्गातला वाद इथूनच सुरू होतो. चाळिशीच्या फलंदाजाला इंग्लंडला न्यायचं का? आपण सगळे आता त्या वयाच्या पुढे आहोत, तेव्हा उत्तर जरा जपून द्या. संघात नको म्हणणाऱ्यांची बाजू अशी: दौरा लांबचा, बोटीचा प्रवास, महिनोन्महिने क्रिकेट, आणि पुढचा संघ घडवायचा तर तरुण नेलेले बरे. दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. इंग्लंडचे जॅक हॉब्ज १९३० मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी कसोटी खेळले. विल्फ्रेड ऱ्होड्स त्याच वर्षी बावन्नाव्या वर्षी. खुद्द सी. के. नायडू १९३६ मध्ये शेवटची कसोटी खेळले तेव्हा त्यांचं वयही चाळीसच होतं. म्हणजे वय हे कारण काहींना लागलं, काहींना नाही.

त्यातून कसोट्याच किती कमी! १९३२ मध्ये एक, १९३३-३४ मध्ये तीन, १९३६ मध्ये तीन. सात कसोट्यांत भारताची पहिली चार-पाच वर्षं आटोपली. नंतर १९४६ पर्यंत दहा वर्षं एकही नाही, मधे महायुद्ध. एवढ्या अरुंद खिडकीतून जे दिसले ते दिसले. बाकीच्यांना ती उघडी असताना समोर असण्याचं भाग्य नव्हतं.

आता गोष्टीचा दुसरा भाग ऐका. एखाद्याने चाळिशीत असं नाव गळाल्यावर बॅट माळ्यावर टाकली असती आणि वर्गात कालिदास शिकवत निवांत राहिला असता. त्याला कोणी नावं ठेवली नसती. देवधरांनी खरं काम तिथून पुढे केलं.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. आता संघ धर्मावर नव्हते, प्रांतांवर होते. त्यात महाराष्ट्र नावाचा एक संघ होता. गंमत बघा. महाराष्ट्र राज्य झालं १९६० मध्ये. क्रिकेटच्या मैदानावर महाराष्ट्र त्याच्या पाव शतक आधीपासून खेळत होता. मुंबईचा संघ वेगळा, पुढे विदर्भाचाही वेगळा झाला. आपण जळगाव-धुळ्याची मंडळी मात्र या महाराष्ट्राच्या संघाची. सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला रणजी खेळायचं स्वप्न पडलं, तर ते याच टोपीचं पडतं आणि त्याची गाडी पुण्याकडेच जाते.

या संघाला देवधरांनी आकार दिला. कर्णधार तेच, सगळ्यात वयस्कर तेच. हाताखाली सांगलीचे विजय हजारे, रंगा सोहोनी यांच्यासारखी, त्यांच्या मुलांच्या वयाची पोरं. १९३९-४० च्या मोसमात हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक पहिल्यांदा जिंकला.

पुढच्या वर्षीचा मुंबईविरुद्धचा पुण्याचा सामना तर स्कोअरबुक लिहिणाऱ्याची परीक्षाच. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या, त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. मुंबईकडून खंडू रांगणेकरांनी द्विशतक आणि विजय मर्चंटनी शतक ठोकून पाठलाग केला आणि मुंबई ६५० वर थांबली. पंचवीस धावांचा फरक! पहिल्या डावातल्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच हरवून करंडक राखला. सलग दोन वर्षं. त्यानंतर महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीत गेला, पण करंडक काही आला नाही. आपल्या संघाचं विजेतेपद म्हणाल तर ती दोनच वर्षं, आणि दोन्ही देवधरांची.

१९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली, १०५ आणि १४१. माझ्या व्यवसायात एखादी चाचणी नापास झाली की निकाल लिहिताना त्या दिवशी काय माहिती हाती होती तेही लिहावं लागतं. तसंच इथे. हे आकडे १९३२ मध्ये कोणाकडे नव्हते, म्हणून तेव्हा निवडणाऱ्यांना आज मूर्ख ठरवणं बरोबर नाही. पण जन्मतारखेवरून माणसाचं काय शिल्लक आहे हे कळतं, हा समज खोटा ठरवायला ते पुरेसे आहेत.

त्यांची कारकीर्द १९११ ते १९४८. पहिल्या महायुद्धाआधी सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संपली. या अवधीत प्रथम श्रेणीचे सामने फक्त ८१, म्हणजे वर्षाला सरासरी दोनाच्या थोडं वर. धावा ४५२२, सरासरी ३९.३२, शतकं ९. आजचा खेळाडू आठ-दहा मोसमांत एवढे सामने खेळतो. वर्षाला दोन सामन्यांसाठी सदतीस वर्षं शरीर आणि मन तयार ठेवायचं, तेही नोकरी सांभाळून. मला त्यांच्या २४६ पेक्षा याचंच नवल जास्त वाटतं.

घरातलीही एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुली १९४० च्या दशकात देशातल्या आघाडीच्या बॅडमिंटनपटू होत्या. मुलींनी मैदानात उतरायचं हे आपल्याकडे नव्वदच्या दशकातही सहज नव्हतं. मी स्कोअरबुकाच्या पलीकडे गेले नाही यात दोष कोणा एकाचा नाही, मागायचं धाडस मलाही झालं नव्हतं. त्या तीन बहिणींबद्दल तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर निदान एक षटक टाकून पाहिलं असतं.

खेळ थांबल्यावर देवधर राष्ट्रीय निवड समितीवर आले, मंडळाचे उपाध्यक्ष आणि महाराष्ट्र संघटनेचे अध्यक्ष झाले. ज्याला निवडलं गेलं नाही तो आता निवडणाऱ्यांच्या खुर्चीत होता. त्यांनी क्रिकेटवर पुस्तकं लिहिली. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ पासून विभागीय संघांच्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचं नाव दिलं गेलं. दिवस दिवस खेळपट्टीवर उभं राहणाऱ्या माणसाच्या नावाने एका दिवसाची स्पर्धा! १९९२ च्या संक्रांतीला त्यांनी वयाचं शतक पुरं केलं. प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेल्यांत असे शतकवीर जगात मोजकेच. २४ ऑगस्ट १९९३ ला ते गेले. १९९६ मध्ये टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंची तिकिटं काढली. नायडू, मंकड, मर्चंट हे तिघे कसोटीवीर, आणि चौथे देवधर, एकही कसोटी न खेळलेले.

त्यांच्या मागून या रांगेत किती जण आले! भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, कसोटी एकही नाही. आपण नववीत असताना मुंबईच्या अमोल मुजुमदारने पदार्पणात २६० केल्या, त्याचंही तेच झालं. आणि याच नोव्हेंबरात, आपला मेळावा महिन्यावर आला असताना, भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच मुजुमदार होता. मी टीव्हीसमोर बसून रडले. घरच्यांना वाटलं जिंकल्याचा आनंद. आनंद होताच, पण शेवटचा बाकही आठवला होता.

आपल्या वर्गातही एक होता. डावखुरा. निवड चाचणीसाठी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, त्यानंतर कधी त्याविषयी बोलला नाही. आपणही विचारलं नाही. परवा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने फोटो टाकला. पहाटेचं मैदान, दहा-बारा पोरं, त्यात तीन मुली, आणि हा स्टंपमागे उभा. सकाळी दुकान उघडायच्या आधी रोज शिकवतो म्हणे. फी घेत नाही.

मेळाव्याला तो येणार आहे. दुपारी भरीत-पुरीवर ताव मारून झाला की वाद पुन्हा सुरू करू. भावेला घ्यायला हवं होतं की नाही, देवधरांना घ्यायला हवं होतं की नाही. स्कोअरबुक मी आणते. आणि या वेळी एक षटक माझं राहील, आधीच सांगून ठेवते.

– तुमची वर्गमैत्रीण, दहावी अ, १९९५