गणितसारसंग्रहकार महावीराचार्य

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. संजान येथील इ. स. ८७१ च्या ताम्रपटात या राजाने प्रजेवरील संकट टळावे म्हणून महालक्ष्मीस आपले बोट अर्पण केल्याची नोंद आहे. ती देवी आपल्या करवीरची, असे अनेक इतिहासकार मानतात. आदिपुराणकार आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणाऱ्या या राजाच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ रचला.

स्वतःविषयी आचार्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्यांचे चरित्र त्यांच्या ग्रंथातूनच वाचावे लागते.

आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांनी गणित सांगितले ते ज्योतिषग्रंथाचा एक भाग म्हणून. महावीराचार्यांनी मात्र नऊ अध्यायांचा, अकराशेहून अधिक श्लोकांचा संपूर्ण ग्रंथ केवळ गणितास वाहिला. भगवान महावीरांना वंदन करून ते प्रारंभीच सांगतात की व्यापार, पाकक्रिया, वैद्यक, वास्तुविद्या, संगीत, छंद, व्याकरण, कशाचेही गणितावाचून चालत नाही. पुढील अध्याय याची साक्ष देतात. कर्जाचे व्याज, भागीदारीतील नफा, विहिरीची खोदाई, भिंतीच्या विटा, लाकूडकापणी, सावलीवरून वेळ; आपल्या गुजरीतील सराफाला आजही लागणारा, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र वितळविल्यावर येणाऱ्या कसाचा हिशोबही त्यात आहे.

त्यांचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ९ महाळुंगे व ७ कवठे यांची किंमत १०७. ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१. तर प्रत्येक फळाची किंमत किती? आचार्यांची रीत अशी: १०७ ला ९ ने व १०१ ला ७ ने गुणावे. असे केल्याने दोन्हीकडे कवठे सारखीच, ६३, होतात व वजाबाकीत निघून जातात. उरतात ३२ महाळुंगे आणि २५६ ही किंमत. महाळुंग ८ ला, कवठ ५ ला. बाजारातली दोन फळे हाती देऊन त्यांनी विद्यार्थ्यास बीजगणितात नेले, आणि तेही त्याच्या नकळत! शिकविण्याची ही हातोटी मोठमोठ्या पंडितांनाही सहसा साधत नाही.

ऋण संख्येस वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियमही त्यांनी दिला. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र चुकीचे होते. श्रद्धेपोटी ते झाकण्याचे कारण नाही.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन याने हा ग्रंथ तेलुगूत नेला. पुढे तो बहुतांशी हस्तलिखितांतच राहिला. १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी अनुवादासह छापला, आणि १९६३ साली प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो आपल्या शेजारच्या सोलापुरातून, जैन संस्कृति संरक्षक संघातर्फे, प्रसिद्ध झाला.