विश्लेषण : स्वयंपाकात गती नसलेल्या बाईंनी ओट्याची उंची कशी ठरवली? लिलियन गिलब्रेथ आणि ‘युजर’चा शोध

नवे ॲप बाजारात आणण्याआधी चांगल्या कंपन्या ते काही अनोळखी माणसांच्या हातात देतात. ती कुठे अडखळतात, किती वेळा मागे जातात, कोणते बटण त्यांना सापडतच नाही, हे बाजूला बसून टिपले जाते. ही ‘युजेबिलिटी टेस्टिंग’. वापरणाऱ्यापासून सुरुवात करून वस्तू घडवण्याच्या पद्धतीला ‘युजर सेंटर्ड डिझाइन’ म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी १९८६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथानंतर हा शब्द रूढ झाला. पण संगणक येण्याच्या कितीतरी आधी हीच पद्धत दुकानाचा गल्ला, सॅनिटरी नॅपकिन आणि स्वयंपाकघर यांवर वापरली गेली होती. ती वापरणाऱ्यांत आघाडीवर होत्या अमेरिकेतील लिलियन गिलब्रेथ. १२ मुलांची आई म्हणून त्या सिनेमातून जगाला ठाऊक झाल्या, त्यांचे खरे काम मात्र मागे राहिले.

साहित्याच्या विद्यार्थिनीचा यंत्रांशी संबंध कसा आला?

लिलियन यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे एका सुखवस्तू घरात झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९०० मध्ये पदवी घेतली आणि तिथल्या पदवीदान समारंभात भाषण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. विषय होता इंग्रजी साहित्य. १९०४ मध्ये त्यांचे लग्न फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी झाले.

फ्रँक यांनी एमआयटीत प्रवेश मिळत असताना गवंडीकाम शिकणे पसंत केले होते. काम शिकताना त्यांना एक गोष्ट खटकली. प्रत्येक गवंडी वेगळ्या पद्धतीने वीट लावतो आणि प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो. त्यांनी हवी तेवढी वर करता येणारी परांची तयार केली, विटा कमरेच्या उंचीवर आणल्या आणि एक वीट लावण्यासाठीच्या १८ हालचाली सुमारे पाचवर आणल्या. गवंड्याला दटावून हे झाले नव्हते. विटांची जागा बदलल्याने झाले होते.

लग्नानंतर दोघांनी मिळून सल्लागार म्हणून काम सुरू केले. १९१२ पासून ते कारखान्यात कामगारांचे चित्रीकरण करू लागले. चौकटीतच एक वेगवान घड्याळ ठेवलेले असे, त्यामुळे प्रत्येक हालचालीला किती वेळ लागला ते पडद्यावर दिसे. कधी बोटांना छोटे दिवे बांधून अंधारात हाताचा मार्ग छायाचित्रात उमटवला जाई. या साऱ्यातून त्यांनी कामाचे सुमारे १७ मूळ तुकडे पाडले : शोधणे, निवडणे, पकडणे, नेणे, जोडणे वगैरे. त्यांना नाव दिले ‘थर्ब्लिग’, म्हणजे गिलब्रेथ हे आडनाव जवळपास उलटे. या यादीत ‘योजना करणे’ हाही एक तुकडा होता. हात थांबलेला असतो, पण माणूस विचार करत असतो. तो वेळही कामाचाच, असे त्यांनी मानले.

इथे लिलियन यांची छाप दिसते. त्या काळी गाजत असलेले फ्रेडरिक टेलर यांचे ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’ स्टॉपवॉच घेऊन कामाचा वेग वाढवण्यावर भर देणारे होते. लिलियन यांचे लक्ष थकव्याकडे आणि मनाकडे होते. त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, पण निवासाची अट पूर्ण न झाल्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाने पदवी दिली नाही. तोच मजकूर १९१४ मध्ये ‘सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट’ या नावाने पुस्तकरूपात आला, तेव्हा प्रकाशकाने लेखकाचे नाव फक्त ‘एल. एम. गिलब्रेथ’ असे छापले. लेखक बाई आहे हे वाचकाला कळू नये म्हणून. पुढे १९१५ मध्ये ब्राऊन विद्यापीठातून वेगळा प्रबंध लिहून त्या डॉक्टर झाल्या. हे सगळे सुरू असताना घरात पाळणा हलतच होता. एक मुलगी, मेरी, १९१२ मध्ये पाचव्या वर्षी घटसर्पाने गेली.

१९२४ मध्ये काय बदलले?

१४ जून १९२४ रोजी न्यू जर्सीतील माँटक्लेअरच्या रेल्वे स्थानकावरून फ्रँक यांनी घरी फोन लावला. लिलियन यांच्याशी बोलत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. मागे ११ मुले, थोरली १८ वर्षांची आणि धाकटी जेमतेम दोन. काही दिवसांतच लिलियन जहाजाने युरोपला निघाल्या. लंडन आणि प्राग येथील परिषदांत फ्रँक बोलणार होते, तिथे त्या बोलल्या.

परत आल्यावर खरी अडचण समोर आली. जुन्या ग्राहक कंपन्यांपैकी बऱ्याच जणांनी करार पुढे चालवले नाहीत. २० वर्षे निम्मे काम त्यांनीच केले होते, तरी कारखान्यात एक बाई येऊन अभियांत्रिकी सांगणार हे मालकांना पटेना. ११ मुलांची शिक्षणे व्हायची होती. मग त्यांनी असे क्षेत्र निवडले जिथे बाई असणे आड येणार नव्हते, उलट उपयोगी पडणार होते : जिथे वापरणारी व्यक्ती बाईच असते. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात त्यांनी विक्रेत्या आणि रोखपाल महिलांच्या कामाचा अभ्यास केला. पुढचे काम अधिक नाजूक होते.

नॅपकिन वापरणाऱ्यांनी काय सांगितले?

१९२६ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने त्यांना सॅनिटरी नॅपकिनचा अभ्यास करायला सांगितले. तयार नॅपकिन तेव्हा नवेच होते. ते बनवणारे आणि विकणारे पुरुष, आणि विषय असा की वापरणारी दुकानात मोठ्याने नावही घेत नसे. म्हणजे तक्रार कारखान्यापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. कंपनीच्या लेखी खप होत होता, म्हणजे सारे ठीक होते. (आजही ॲप उघडले गेले एवढ्यावरून ते आवडले असे मानणारे कमी नाहीत.)

लिलियन यांनी हजारावर मुली-महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली, बाजारातील नमुने तपासून पाहिले. निष्कर्ष साधे होते आणि कुणीच ते आधी विचारले नव्हते. नॅपकिन फार लांब, जाड आणि कडक होते, ते कपड्यांतून दिसत, विकत घेणाऱ्या महिला ते घरी कापून स्वतःपुरते जुळवून घेत. वेष्टन असे हवे होते की आत काय आहे ते दुकानभर कळू नये. वापरणारा माणूस विकत घेतलेली वस्तू कात्रीने दुरुस्त करत असेल तर चूक वस्तूत आहे, हा यातला कळीचा धडा.

२८१ पावलांची ४५ कशी झाली?

त्यांचे सर्वाधिक गाजलेले काम स्वयंपाकघराचे. यातली गंमत अशी की लिलियन यांना स्वयंपाकात फारशी गती नव्हती. घरचा कारभार बराच काळ सासूबाई आणि नोकरमाणसे पाहत. पण ही उणीव कामी आली असे म्हणायला जागा आहे. स्वतःच्या सवयीवरून ओटा आखण्याचा मोह त्यांना नव्हता, त्यामुळे विचारणे आणि पाहणे एवढाच मार्ग उरला.

१९२९ मध्ये ब्रुकलिन बरो गॅस कंपनीसाठी त्यांनी ‘किचन प्रॅक्टिकल’ नावाचे नमुना स्वयंपाकघर मांडले. शेगडी, फ्रिज आणि काम करण्याची जागा जवळजवळ, सोबत चाकांचे टेबल, आणि ज्या क्रमाने काम होते त्या क्रमाने वस्तू. एका प्रात्यक्षिकात स्ट्रॉबेरी शॉर्टकेक नेहमीच्या मांडणीत आणि नव्या मांडणीत करून पाहिला गेला. कृती ९७ वरून ६४ झाल्या आणि चालण्याची पावले २८१ वरून ४५. करणारी तीच, केक तोच.

ओट्याच्या उंचीबाबत त्यांचे म्हणणे होते की ती बाईच्या उंचीवरून ठरावी. जनरल इलेक्ट्रिकसाठी शेगडी, सिंक वगैरेंची योग्य उंची शोधताना त्यांनी ४ हजारांवर महिलांना विचारले असे सांगितले जाते. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

चौथ्या दशकात त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. तिथल्या अभियांत्रिकी शाखेतील त्या पहिल्या महिला प्राध्यापक. अपंगांसाठीचे काम पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांपासून सुरू झाले होते. नंतर न्यूयॉर्कमध्ये हृदयविकार असलेल्या गृहिणींसाठी त्यांनी बसून, न वाकता, कमी श्रमात काम करता येईल असे स्वयंपाकघर आखायला मदत केली. ॲपमधली मोठी अक्षरे किंवा आवाजावर चालणारा फोन याच घराण्यातले.

या कामावर आक्षेप कोणते?

कामगार संघटनांना हालचाली मोजणे कधीच आवडले नाही. वाचलेला वेळ कामगाराला मिळतो की मालकाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. स्वयंपाकघराच्या प्रयोगांमागे गॅस आणि विजेची उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांचा पैसा होता. पावले वाचली, पण चालणारी बाईच राहिली. लिलियन यांनी घरकामात नवरा आणि मुलांनीही वाटा उचलावा असे लिहिले खरे, पण जाहिरातींना त्यात रस नव्हता. आजच्या डिझाइनवरही हाच आक्षेप आहे : ‘युजर’ची सोय पाहतो असे म्हणत त्याच्याकडून अधिक खरेदी करून घेतली जाते.

संगणकाशी नाते कुठे जुळते?

१९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी संगणकावरील कामाला किती वेळ लागेल हे आधीच काढण्याची एक पद्धत मांडली. काम छोट्या तुकड्यांत मोडायचे आणि वेळांची बेरीज करायची. माउसने पडद्यावरच्या जागेवर नेम धरायला १.१ सेकंद, कीबोर्डवरून हात माउसवर न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचे हे मनात ठरवायला १.३५ सेकंद. सर्वात महाग तुकडा विचाराचा. गिलब्रेथ दांपत्याच्या यादीत तो सहा दशके आधी होता. म्हणूनच एक टॅप कमी करणे नेहमी फायद्याचे नसते. त्यासाठी वापरणाऱ्याला थांबून विचार करावा लागला तर वाचलेला वेळ तिथेच जातो.

हे संशोधन लिलियन यांनी पाहिले नाही. दोन मुलांनी लिहिलेले ‘चीपर बाय द डझन’ हे घरगुती आठवणींचे पुस्तक १९४८ मध्ये आणि त्यावरचा सिनेमा १९५० मध्ये आला. त्यात शिस्तीचे वेड असलेले वडील मध्यभागी आहेत आणि आई सौम्यपणे बाजूला. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगवर १९६५ मध्ये निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. पुढच्या वर्षी त्यांना हूव्हर पदक मिळाले, तेही महिलेला पहिल्यांदाच. २ जानेवारी १९७२ रोजी ॲरिझोनातील फिनिक्स येथे ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे ४० सेंटचे तिकीट काढले.