स्वर्गाच्या भलत्याच गेटवर

परीक्षेच्या फॉर्मसाठी कधी चुकीच्या खिडकीवर तासभर उभे राहिलात? मग कॅप्टन स्टॉर्मफिल्ड तुम्हाला लगेच आपला वाटेल. हा खलाशी मेल्यावर स्वर्गाकडे निघतो, वाटेत एका धूमकेतूशी रेस लावतो आणि भलत्याच गेटवर पोहोचतो. तिथल्या कारकुनाला नकाशात आपली पृथ्वी सापडता सापडत नाही. सापडते तेव्हा कळतं, तिकडे तिला चामखीळ म्हणतात!

हे मार्क ट्वेनचं 'कॅप्टन स्टॉर्मफिल्ड्स व्हिजिट टू हेवन'. टॉम सॉयरच्या पुढे ट्वेन वाचला नसेल, तर इथून सुरुवात करा. तासा-दोन तासांत संपतं.

ट्वेनचं खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म 1835, अमेरिकेतलं मिसुरी राज्य. अकराव्या वर्षी वडील गेले. मग छापखान्यात खिळे जुळवायचं काम आणि पुढे मिसिसिपी नदीवर बोटीचा पायलट. धाकट्या भावाला, हेन्रीला, त्यानेच बोटीवर नोकरी लावून दिली. 1858 मध्ये त्या बोटीचा बॉयलर फुटला आणि हेन्री गेला. हा सल त्याला आयुष्यभर राहिला.

नंतर प्रसिद्धी आली, पैसा आला आणि गेलाही. खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याने वारेमाप पैसा ओतला, शिवाय स्वतःची प्रकाशन कंपनी बुडाली. 1894 मध्ये दिवाळं. वय जवळपास साठ. तरी सगळं कर्ज फेडायचं ठरवून पठ्ठ्या जगभर व्याख्यानं देत फिरला. जानेवारी 1896 मध्ये तो आपल्या मुंबईत होता, वॉटसन हॉटेलात. तिथले कावळे त्याच्या प्रवासवर्णनात भाव खाऊन गेलेत. दौरा संपला आणि त्याच ऑगस्टमध्ये लाडकी लेक सुझी मेंदूज्वराने गेली. ती अमेरिकेत, हा इंग्लंडमध्ये. 1898 पर्यंत त्याने कर्ज मात्र फेडलं.

आता परत पुस्तकाकडे या. स्वर्गात एक आई येते. तान्हेपणी गेलेल्या लेकीला कधी एकदा कुशीत घेते, असं तिला झालेलं. पण लेक तिथे मोठी झालीये, शिकलीये. दोघींना एकमेकींशी काय बोलावं कळत नाही. हसता हसता इथे तुम्ही थांबता. ट्वेनचा मुलगाही दीड वर्षाचा होऊन गेला होता, हे तेव्हा आठवतं.

आणि एक शिंपी आहे. गावाने त्याच्या कवितांची टिंगल केली, स्वर्गात मात्र तो शेक्सपिअरच्या पुढे चालतो. वहीत लपवून कविता लिहिणाऱ्यांनो, हे पान तुमच्यासाठी.

सुमारे 40 वर्षं ट्वेनने ही गोष्ट जवळ ठेवली. 1909 मध्ये पुस्तक आलं. हयातीत आलेलं हे त्याचं शेवटचं. त्याच डिसेंबरात आणखी एक मुलगी, जीन, गेली. 21 एप्रिल 1910 ला तो स्वतः. जन्माच्या वर्षी दिसलेला हॅलेचा धूमकेतू तेव्हा परत आला होता. रेस कोणी जिंकली, कोण जाणे!

कॉपीराइट संपलाय, पुस्तक मोबाइलवर फुकट मिळतं. पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल तेव्हा उघडा.