माहिमचे मखदूम

वसईहून लोकलने माहिमला उतरले, की मखदूम अली माहिमी यांचा दर्गा पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. सन १३७२ मध्ये कोकणातील नवायत घराण्यात ते जन्मले. वडील लवकरच गेले. आई फातिमा यांनी त्यांना वाढविले. आईने रात्री पाणी मागितले, ते आणेपर्यंत तिचा डोळा लागला, तेव्हा मुलगा पहाटेपर्यंत पेला धरून उभा राहिला, अशी आख्यायिका आहे.

ह्याच पोरक्या मुलाने पुढे कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी ११३ अध्यायांचा आरंभ दयाळू ईश्वराच्या नावाने होतो. माहिमींनी त्या एकाच ओळीचा अर्थ प्रत्येक अध्यायाच्या आशयानुसार नव्याने लावला. जिथे प्रलय आणि शिक्षा यांचे वर्णन आहे, तिथेही! अस्तित्व हीच मुळात ईश्वराची दया, असे मानणाऱ्या इब्न अरबींच्या परंपरेतले ते होते.

बँकेतल्या माझ्या एका मुस्लिम सहकाऱ्यांचा तरुण मुलगा वारला. कामावर परतल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे तेच नाव घेऊन लेजर उघडले. ते त्यांच्या ओठी येते तरी कसे, हे मला कळेना. माहिमींविषयी वाचताना थोडे उमगले. दुःखाला एकच ठरीव उत्तर नसते. प्रत्येक पानावर दया पुन्हा शोधावी लागते. त्याने गेलेला मुलगा परत येत नाही, हे खरेच. पण पुढचे पान उघडण्याचे बळ येते.

सन १४३१ च्या सुमारास माहिमी पैगंबरवासी झाले. त्यांच्या दर्ग्यात आजही सर्व धर्मांची माणसे आपापले दुःख घेऊन येतात.