चाळिशीनंतर फारशी शिकलेला कवी

आम्ही पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून घेतले. त्यामुळे उमर खय्याम आम्हाला प्रथम भेटला तो हरिवंशराय बच्चन यांच्या हिंदी अनुवादातून. तो अनुवाद मूळ फारशीवरून नव्हे, तर एका इंग्रजी पुस्तकावरून केलेला आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या पुस्तकाचे कर्ते एडवर्ड फिट्झेराल्ड यांचा हा अल्प परिचय.

फिट्झेराल्ड यांचा जन्म ३१ मार्च १८०९ रोजी इंग्लंडमधील सफक परगण्यात, श्रीमंत घराण्यात झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले. थॅकरे आणि टेनिसन हे त्यांचे मित्र. मित्रांची कीर्ती वाढत गेली. फिट्झेराल्ड मात्र गावाकडे पुस्तके आणि पत्रव्यवहार यांतच रमले.

१८५२ च्या अखेरीस, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते फारशी शिकू लागले. त्यांचे गुरू एडवर्ड कॉवेल त्यांच्याहून १७ वर्षांनी लहान होते! १८५६ मध्ये कॉवेल यांना ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात खय्यामच्या रुबायांचे जुने हस्तलिखित सापडले. रुबाई म्हणजे चार ओळींची कविता. त्याची नक्कल शिष्याच्या हाती देऊन कॉवेल त्याच वर्षी कलकत्त्याला प्राध्यापक म्हणून निघून गेले. तेथील एशियाटिक सोसायटीच्या हस्तलिखिताचीही नक्कल त्यांनी पाठवली. शंकासमाधान पत्रांतून होत राहिले. याच काळात फिट्झेराल्ड यांचा विवाह झाला आणि वर्षाच्या आतच पतिपत्नी विभक्त झाले. मन रमवायला त्यांना रुबायांचाच आधार होता.

एका मासिकाने अनुवाद बरेच दिवस ठेवून घेतला, पण छापला नाही. अखेर १८५९ मध्ये त्यांनी ७५ रुबायांच्या २५० प्रती स्वखर्चाने काढल्या, त्याही आपले नाव न घालता. पुस्तक खपेना. दुकानदाराने ते एका पेनीच्या पेटीत टाकले. तेथून १८६१ मध्ये ते कवी रोझेटी यांच्या हाती पडले आणि हळूहळू सर्वत्र गाजले. त्यांनी शब्दाला शब्द ठेवला नाही, काही रुबाया एकत्र ओवल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो खराही आहे. पण खय्याम जगभर पोहोचला तो त्यांच्यामुळेच.

आपल्या बडोद्यात १८९४ मध्ये जन्मलेले कवी माधव जूलियन फारशीचे प्राध्यापक होते. त्यांनी मूळ फारशीवरून आणि फिट्झेराल्ड यांच्या इंग्रजीवरून, अशा दोन्ही वाटांनी खय्याम मराठीत आणला.

१४ जून १८८३ रोजी फिट्झेराल्ड वारले. निशापूर येथील खय्यामच्या कबरीवरील गुलाबाच्या बियांपासून वाढवलेले रोप १८९३ मध्ये त्यांच्या कबरीवर लावले गेले.

आपल्या मुलांच्या कानांवर मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा रोज पडतात. विद्यार्थ्यांनो, त्यांतली एकही परकी मानू नका. आणि पालकहो, आता या वयात काय शिकायचे, असे म्हणण्यापूर्वी या ४३ वर्षांच्या विद्यार्थ्याची आठवण ठेवावी, ही विनंती.