दोन याद्या आणि व्हॉन न्यूमन

जॉन व्हॉन न्यूमन म्हटलं की आपल्याला आठवते ती पेपरातली ठरलेली आकृती. मलाही तेवढाच ठाऊक होता. पण गॅदरिंगच्या वेळी मेसची आणि हॉस्टेलची अशा दोन याद्या एकत्र करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नावावर तुलना लावली, सारखं नाव आलं की एकच ठेवायचं. झालं! एकाच नावाची दोन वेगळी मुलं एक झाली आणि एकाला जेवणाचं कूपनच मिळालं नाही. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग मर्ज सॉर्ट नीट वाचायला घेतलं, तर त्याचा मूळ पुरुष निघाला हाच.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टला एका बँकरच्या घरी त्याचा जन्म झाला. मूळ नाव यानोश. जीव गणितावर, पण गणिताने पोट भरेल का, ही वडिलांना चिंता (आपल्याकडचीच गोष्ट!). म्हणून झुरिचला केमिकल इंजिनिअरिंग आणि जोडीला बुडापेस्टला गणितात डॉक्टरेट. १९२६ साली दोन्ही खिशात. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. क्वांटम मेकॅनिक्स, गेम थिअरी, युद्धकाळात अणुबॉम्बचं गणित, यादी मोठी आहे.

१९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीनच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर गोल्डस्टाइन भेटले आणि त्यांच्याकडून त्याला एनिॲकबद्दल कळलं. तिथून तो कॉम्प्युटरकडे वळला. १९४५ मध्ये पुढचं यंत्र, एडव्हॅक, अजून कागदावरच होतं. त्यासाठी त्याने हाताने प्रोग्रॅम लिहिला तो कुठल्या समीकरणाचा नाही, तर सॉर्टिंगचा! आकडेमोड यंत्र करणारच होतं. हे आधी की ते आधी, असा निर्णयही ते घेत जाईल का, हे त्याला तपासायचं होतं.

रीत अगदी साधी. दोन्ही याद्या आधीच क्रमाने लावलेल्या. दोन्हींच्या तोंडाशी असलेल्या नोंदी बघायच्या, लहान ती उचलायची, पुन्हा बघायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, अशा १०२४ नोंदी फक्त १० फेऱ्यांत क्रमाने लागतात. खरी मेख सारख्या नोंदींत आहे. दोन्ही ठेवायच्या, एक गाळायची, की डावीकडची आधी घ्यायची? हे मर्जने ठरवायचं नसतं, आपण सांगायचं असतं. आज जावा किंवा पायथनमध्ये तुलनेचा नियम आपण फंक्शन म्हणून बाहेरून देऊ शकतो. मी नियम दिला, पण चुकीचा. रोल नंबर घ्यायला हवा होता.

नाव गळण्याचा प्रकार त्याच्या बाबतीतही घडला. जून १९४५ चा एडव्हॅकचा अहवाल गोल्डस्टाइन यांनी वाटला, त्यावर नाव एकट्या व्हॉन न्यूमनचं. ज्यांनी यंत्रावर रात्रंदिवस डोकं घातलं त्या एकर्ट आणि मॉकली यांचा पत्ताच नाही! त्यांनी ते मनाला लावून घेतलं, आणि माझ्या मते बरोबरच होतं. आकृतीला आजही आपण एकाच माणसाचं नाव देतो.

१९५५ साली त्याला कॅन्सर निघाला. येल विद्यापीठात द्यायची व्याख्याने तो आजारपणातही लिहीत होता, विषय कॉम्प्युटर आणि मेंदू. ती द्यायला त्याला जाता आलं नाही. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात तो गेला, वय अवघं ५३. ते अपुरं लिखाण १९५८ साली पुस्तक म्हणून छापलं गेलं.