डबीवरच्या चित्रातली हार्पवादिका

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जिवलगाचा चेहरा सोबत बाळगायचा, तर त्याचे लघुचित्र काढून घ्यावे लागे. लॉकेटमध्ये किंवा डबीच्या झाकणावर बसवलेली, बहुधा हस्तिदंताच्या पातळ चकतीवर रंगवलेली ही चित्रे उमराव घराण्यांत सर्रास आढळत. अशाच एका चित्रामुळे फेलिसिते द्यू क्रेस्त या मुलीचे आयुष्य पालटले. पुढे ती मादाम द जाँलिस या नावाने युरोपभर प्रसिद्धीस आली.

१७४६ साली बर्गंडीत जन्मलेल्या फेलिसितेचे घराणे खानदानी. परंतु वडिलांच्या कर्जापायी इस्टेट गेली. मायलेकींना पासी येथे ला पुप्लिनियेर या धनाढ्य संगीतरसिकाच्या आश्रयाला राहावे लागले. उमराव कन्येपाशी हुंडा नव्हता. होती ती केवळ हार्प.

वडील दैव आजमावण्यासाठी सागरापार सां-दोमँगला गेले आणि परतताना इंग्रजांच्या कैदेत पडले. तेथे त्यांना काउंट द जाँलिस हा तरुण आरमारी अधिकारी भेटला. तो पकडला गेला होता आपल्या पाँडिचेरीत! जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतचा संग्राम झाला त्याच आठवड्यात, ते ठाणे इंग्रजांच्या हाती पडले होते. वडिलांजवळच्या डबीवर हार्प वाजवणाऱ्या लेकीचे चित्र होते. ते पाहून काउंट मोहित झाला. ही हकीकत मादामच्याच आठवणींतली, आणि स्वतःविषयी लिहिताना त्यांचा हात सढळ असे, हे ध्यानात ठेवलेले बरे. एवढे मात्र खरे, की १७६३ मध्ये त्याने घरच्यांपासून लपवून या निर्धन मुलीशी विवाह केला. तोवर वडील निवर्तले होते.

पुढे ऑर्लेआं घराण्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. १७८२ साली राजपुत्रांच्या शिक्षणाचे प्रमुखपद एका स्त्रीकडे सोपवण्यात आले, तेव्हा पॅरिसमध्ये गहजब उडाला. मादामनी तो मनावर घेतला नाही. मुलांना परभाषा पुस्तकातून नव्हे, तर ती भाषा बोलणाऱ्या नोकरांशी बोलून शिकवल्या, सुतारकामही शिकवले. राजकन्या अदेलाईदला हार्प त्या स्वतः शिकवीत. १७९१ मध्ये जिरूस्त या चित्रकाराने या शिकवणीचे चित्र रंगवले. त्यात संकटाची चाहूलही नाही.

दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १७९३ रोजी, पतीचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. आठवडाभरात राजपुत्रांच्या पित्याचीही तीच गत झाली. मादाम तत्पूर्वीच अदेलाईदला घेऊन परदेशी निसटल्या होत्या. निर्वासित म्हणून स्वित्झर्लंडमध्ये आणि जर्मन मुलखात दिवस काढताना त्यांनी लेखणीवर गुजराण केली.

मायदेशी परतल्यावर १८०२ साली त्यांनी हार्पवादनाचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. करंगळी वगळून चारच बोटांनी वाजवण्याची रूढी मोडून पाचही बोटे वापरावीत, असा त्यांचा आग्रह होता. वादकांनी तो मानला नाही. आजही हार्प चार बोटांनीच वाजवली जाते.

ऑगस्ट १८३० मध्ये त्यांचा शिष्य लुई-फिलिप फ्रान्सच्या गादीवर बसला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.